वाट बघताना विश्वास कसा टिकवायचा?

जय ख्रिस्त ताई, नोकरी लागत नाहीये, तोवर विश्वास कसा टिकवायचा असं तुम्ही विचारलंत. विश्वासात नवीन असताना नोकरीचं असं अडकून पडलं की घाबरायला होतंच, पण म्हणून तुमचा विश्वास कमी आहे असं नाही हं. सध्या दोन-तीनच गोष्टी धरा.

बायबलमधलं स्तोत्र १३ रोज मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत, सुरुवातीलाच दावीद चार वेळा देवाला विचारतो की अजून किती वेळ, म्हणजे प्रार्थनेत तक्रार चालते, गोड बोलायची गरज नाही.

नवीन लोक हमखास काय करतात, तर बायबल कुठलंही पान उघडून त्यात संकेत शोधतात, नाहीतर नोकरी लागली तर अमुक करीन असं नवसासारखं बोलतात. दोन्ही नको. यिर्मया २९:११ (देवाच्या मनात तुमच्या हिताच्या योजना आहेत, हे वचन) सगळे स्टेटसला ठेवतात पण आधीचं १० वं वचनही वाचा, तिथे बाबेलमधल्या बंदिवानांना ७० वर्षं वाट बघायची सांगितलीयत! आपल्याकडेही वाट बघावी लागलीच, कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा, मधली वर्षं दोघांनाही सोपी नव्हती.

आणि रविवारी उपासना चुकवू नका, लोक नोकरीचं विचारतील म्हणून तर अजिबात नाही. पाळकांना किंवा एखाद्या मावशींना सरळ सांगा, माझ्यासाठी प्रार्थना करा. अर्ज भरणं मात्र चालूच ठेवा. देवाची इच्छा वगैरे मोठे प्रश्न नंतर बघू.