शिवणीपाशी चुण्या का पडतात?

प्रश्न: वडिलांची १९६० च्या दशकातली गाडी आहे, आतल्या छताचं कापड पार फाटलं होतं म्हणून नवीन शिवलेलं आणलं. छताखालच्या आडव्या सळ्यांवर चढवून लावून बघितलं, मधे छान बसतं पण दारांच्या वर प्रत्येक शिवणीपाशी चुण्या पडतात आणि जितकं खाली ओढावं तितक्या वाढतात. कापड लहान शिवलंय का? आणि पुढची-मागची काच काढायलाच लागते का?

उत्तर: कापड बहुतेक बरोबरच आहे, ओढणं आधी थांबवा. या कापडाला वरच्या बाजूने नेफे शिवलेले असतात, परकराला नाडीसाठी असतो तसाच नेफा, फक्त त्यात नाडीऐवजी सळी जाते आणि सळीची टोकं दोन्हीकडच्या भोकांत बसतात. आता बघा, सळी टोकाकडे खाली वळते आणि नेफा अगदी कडेपर्यंत शिवलेला असला की तो कापडाला सळीशी धरून ठेवतो, तुम्ही खाली ओढता तेव्हा मधलं कापड येतं पण शिवण जागची हलत नाही, म्हणून चुणी पडते. उपाय म्हणजे नेफ्याचं टोक थोडं थोडं कापायचं. दोन्हीकडून सारखं, एका वेळी बोटभरसुद्धा नाही, एक सेंटिमीटर कापा, ओढून बघा, परत कापा. शिवणीला मात्र कात्री लागू देऊ नका. जास्त कापलं गेलं तर तिथे कापड सळीवरून सुटून लोंबतं आणि मग ते परत शिवायलाच लागतं.

एक चूक मी स्वतः केलीय म्हणून सांगतो, सळ्या काढताना नंबर टाकले नव्हते. सगळ्या सारख्याच दिसतात पण प्रत्येकीची लांबी आणि बाक वेगळा असतो, दोन सळ्यांची अदलाबदल झाली आणि अख्खा दिवस कापडाला दोष देत बसलो. तुमच्या काढलेल्या असतील तर जुन्या कापडाच्या नेफ्यांशी लांबी जुळवून बघा. जुनं कापड अजिबात फेकू नका, त्यावरूनच सगळं कळतं.

काच काढाच. पुढची आणि मागची कड काचेच्या रबराखाली दुमडून चिकटते, काच जागेवर ठेवून ती नीट ताणताच येत नाही. काच निघालीच आहे तर तिथला गंजही घासून प्रायमर मारून घ्या, परत इतका मोकळा पत्रा दिसायचा नाही.

लावायच्या आधी कापड उन्हात पसरून गरम करा, मग ते जरा सैल पडतं. छताच्या आणि कापडाच्या मध्यावर खडूने रेघ मारा, दोन्ही रेघा जुळल्या की मधून सुरुवात करून कोपऱ्यांकडे जा, आधी पुढे-मागे ताण द्या, बाजू नंतर. मागच्या सळीला बऱ्याच गाड्यांत तारेचे आकडे असतात, ते अडकवायला विसरलात तर पुढून ओढताना ती सळीच पुढे सरकते. आणि सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, लगेच लावू नका हो! सगळी कड आधी कपड्यांच्या चिमट्यांनी धरा, एक रात्र तशीच ठेवा, सकाळी परत ताणा, मग एकेक चिमटा काढत चिकटवा. सोल्युशन दोन्हीकडे लावायचं आणि बोटाला लागेनासं झालं की मगच दाबायचं. दिव्याचं भोक अगदी शेवटी, आणि तेही लहानच पाडा. बारीक सुरकुत्या राहिल्या तर सुती-लोकरी कापडाला लांबून वाफ द्या, रेक्झिनला हीट गन चालेल पण ती एका जागी धरून ठेवू नका, चकाकी येते.

प्रश्न: माझ्या गाडीत सळ्या नाहीत, पुठ्ठ्यावर चिकटवलेलं कापड लोंबतंय. स्प्रेने परत चिकटेल का?

उत्तर: नाही टिकणार. कापडामागचा फोम कुजून त्याची पावडर झालेली असते, गोंद त्या पावडरीला धरतो, पुठ्ठ्याला नाही. पुठ्ठा बाहेर काढा, मास्क लावून ब्रशने सगळा फोम घासून काढा आणि फोम लावलेलं नवीन कापड चिकटवा.