आता बँडमध्ये जाऊ का?

‘मी नववीत आहे. शाळेच्या बँडमधली माझ्या वर्गातली मुलं पाचवीपासून वाजवतात. मला ट्रम्बोन, ते नळी सरकवून फुंकायचं पितळी वाद्य, फार आवडतो. कीबोर्ड दोन्ही हातांनी थोडाफार येतो. पण आता गेले तर सहावीतल्या पोरांशेजारी बसावं लागेल. सगळे हसतील. जाऊ की राहू दे?’
– उशीर झालेली

अगं, पत्राच्या कडेला तू पेनानं ट्रम्बोन काढलायस, तोही नळी पार पुढे ओढलेला. तो बघूनच मी ठरवलं, हिला ‘जा’ म्हणायचं.

उशीर झालाय हे खरं आहे, पण सगळ्याच बाबतींत नाही. ट्रम्बोनला कळा नसतात, नळी पुढेमागे सरकवून सात जागा धरायच्या. सातवी जागा इतकी लांब असते की दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे हात तिथपर्यंत पोचतच नाहीत. तुझे बहुधा पोचतील. शिवाय ट्रम्बोनचं नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, बहुतेक वेळा बास क्लेफ या खालच्या सुरांच्या खुणेत असतं; कीबोर्डवर डावा हात जे वाचतो तेच. ट्रम्पेटवाल्यानं कागदावरचा ‘सी’ हा सूर वाजवला की ऐकू येतो त्याच्या खालचा ‘बी फ्लॅट’. तुझ्या वाद्यात ती भानगड नाही, ‘सी’ म्हणजे ‘सी’च. चार वर्षांतलं बरंचसं काम तू नकळत करून ठेवलंयस.

राहिले ओठ. तिथे मात्र घाई चालत नाही. नळी एकाच जागी ठेवूनही ओठ किती ताणले, हवा कशी सोडली यावर वेगवेगळे सूर निघतात. त्यासाठी तोंडाचे स्नायू तयार व्हावे लागतात. सुरुवातीला पाच-दहा मिनिटांतच ओठ थकतील, आवाज फाटेल, मध्येच नुसती हवा जाईल. त्या वेळी थांबायचं. रोज पंधरा-वीस मिनिटं, मध्ये विसावा घेत, इतकंच कर. रविवारी एकदम दोन तास बसून आठवडा भरून निघत नाही.

आता हसण्याचं. पहिले काही दिवस कोणी हसेलही, मी खोटं कशाला सांगू? सहावीतलं पोर तुला नळी कुठवर न्यायची ते दाखवेल आणि तुला मेल्याहून मेल्यासारखं होईल. होऊ दे. त्याला विचार, त्याच्याकडून शीक. चुका करायला तो तुझ्याआधी बसलाय, एवढाच फरक. आणि बँडमध्ये ट्रम्बोनवाले कमी असले, तर तू यावीस असं सगळ्यांनाच वाटेल.

उद्या बँडच्या सरांना एकटीनं गाठ. ‘घ्याल का?’ असं विचारू नकोस. विचार, ‘मला ट्रम्बोन शिकायचाय, पुढच्या कार्यक्रमात सोपा भाग वाजवायला काय काय यायला हवं?’ शाळेचं वाद्य घरी न्यायला मिळतं का, तेही विचारून घे. ते कळेपर्यंत विकत घेण्याचा विषय घरी काढू नकोस.

आणि पहिला धड सूर लागला की मला कळव, मी वाट बघतेय.
– मावशी