लेखाआक्षेपाला उत्तर कसे द्यायचे? वाचकांचे प्रश्न

शासकीय कार्यालयांचे हिशेब तपासणाऱ्या महालेखापालांच्या लेखापरीक्षेबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. विचारणाऱ्यांची व कार्यालयांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या कार्यालयात सध्या लेखापरीक्षा पथक बसले आहे. रोज दोन-चार अर्धसमास पत्रे येतात. साहेब म्हणतात, आता घाई नको, अहवाल आल्यावर एकदाच उत्तर देऊ. हे बरोबर आहे का?
– वरिष्ठ लिपिक, तालुकास्तरीय कार्यालय

उत्तर : नाही. अर्धसमास पत्र म्हणजे पथकाची विचारणा. पानाचा अर्धा भाग उत्तरासाठीच कोरा सोडलेला असतो. पथक कार्यालयात असेपर्यंत कागद समोर ठेवून शंका फिटली, तर ती निरीक्षण अहवालात, म्हणजे तपासणीनंतर कार्यालयाला येणाऱ्या आक्षेपांच्या अहवालात, येतच नाही. एकदा आक्षेपाचा परिच्छेद छापला गेला की तो वगळून घेण्यात वर्षे जातात. त्यामुळे मूळ नस्ती (फाइल), प्रमाणक (व्हाउचर) आणि नोंदवही शोधून उत्तर त्याच मुक्कामात द्यावे. कागद जिल्हा कार्यालयात असेल तर ‘अमुक नस्ती अमुक कार्यालयात आहे, मागवली आहे’ असे लिहून द्यावे. ‘अभिलेख उपलब्ध करून दिला नाही’ असा शेरा पडला तर तोच वेगळा आक्षेप होऊन बसतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या (‘कॅग’च्या) १९७१ च्या अधिनियमातील कलम १८ नुसार कागद आणि माहिती पुरवणे हे कार्यालयप्रमुखाचे कर्तव्य आहे, त्यात मर्जीचा भाग नाही.

उत्तरावर कार्यालयप्रमुखाची किंवा आहरण व संवितरण अधिकाऱ्याची (कोषागारातून पैसे काढून वाटप करणाऱ्या अधिकाऱ्याची) सही हवी. लिपिकाने परस्पर सही करून उत्तर देऊ नये. पुढे तेच उत्तर कार्यालयाची भूमिका म्हणून उद्धृत होते. ‘कबूल आहे, वसुली करू’ असे घाईत लिहून नंतर ‘वसुलीच लागू नाही’ म्हणणारी कार्यालये कमी नाहीत. शेवटच्या दिवशीच्या समारोप बैठकीलाही साहेबांनी स्वतः बसावे.

प्रश्न : एका परिच्छेदाचे अनुपालन, म्हणजे त्यावरचे उत्तर, आम्ही तीन वेळा पाठवले. दर वेळी ‘परिच्छेद कायम’ असेच परत येते. आक्षेप असा : रस्त्याच्या कामात कंत्राटदाराच्या देयकातून गौण खनिजाचे स्वामित्वधन (रॉयल्टी) कापले नाही. आमचे उत्तर : ‘कंत्राटदाराने रॉयल्टी भरली आहे, सबब परिच्छेद वगळावा.’ आणखी काय हवे?
– लेखापाल, बांधकाम उपविभाग

उत्तर : पुरावा हवा. तुमच्या उत्तरात विधान आहे, आधार नाही. परिच्छेद युक्तिवादाने क्वचितच वगळला जातो. कागदाने तो हमखास वगळला जातो.

या प्रकरणात काय जोडावे ते पाहू. आधी मोजमाप पुस्तिकेतून खडी, मुरूम, वाळू यांचे प्रत्यक्ष परिमाण काढा. पुस्तिका क्रमांक आणि पान क्रमांक लिहा. मग कंत्राटदाराने दिलेले वाहतूक पास किंवा रॉयल्टीची चलने घ्या आणि त्यांच्यावरचे ब्रासमधील परिमाण एका तक्त्यात मांडा. दोन्ही बेरजा जुळल्या पाहिजेत. इथेच बहुतेक अनुपालने अडकतात : पास कमी परिमाणाचे निघतात, पासवरची तारीख काम संपल्यानंतरची असते, किंवा तेच पास दुसऱ्या कामाच्या देयकालाही लावलेले असतात. पासची खातरजमा महसूल खात्याकडून करून घेतली आणि ते पत्र सोबत लावले, तर सहसा पुढची विचारणा येत नाही. परिमाण कमी भरले तर तेवढ्या फरकाची रक्कम अनामत ठेवीतून किंवा पुढच्या देयकातून कापा, आणि उरलेल्या भागापुरता परिच्छेद वगळण्याची विनंती करा. अंशतः वसुली दाखवली तरी परिच्छेदातील रक्कम कमी होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्याच देयकात बांधकाम कामगार कल्याण उपकराची १ टक्का कपात झाली आहे का, हेही पाहून घ्या. पुढचे पथक तिथूनच सुरुवात करील.

कोणतेही अनुपालन लिहिताना आक्षेपातील प्रत्येक वाक्य सुटे करून घ्यावे. एका परिच्छेदात बहुधा तीन गोष्टी असतात : कोणता नियम मोडला, किती रक्कम गुंतली, आणि कोणाची जबाबदारी निश्चित केली. आपली उत्तरे पहिल्या गोष्टीवर दोन पाने खर्च करतात आणि तिसरीचा उल्लेखही करत नाहीत. वसुली झाली असेल तर चलन जोडणे पुरेसे नाही. ‘ग्रास’चा (शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीचा) क्रमांक, भरणा तारीख, लेखाशीर्ष (रक्कम ज्या सदराखाली जमा झाली ते) आणि कोषागाराची पडताळणी लिहा. रक्कम चुकीच्या लेखाशीर्षात जमा झाली असेल तर परिच्छेद तसाच राहतो. मंजुरीअभावी खर्च झाला असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याची कार्योत्तर मंजुरी लागेल, आणि तो प्राधिकारी खरेच सक्षम आहे का हे वित्तीय अधिकार नियमपुस्तिका, १९७८ उघडून पाहावे लागेल. जिल्हा अधिकाऱ्याने आपल्या मर्यादेबाहेरची कार्योत्तर मंजुरी देऊन टाकली, तर एका परिच्छेदाचे दोन होतात.

‘नोंद घेतली, यापुढे दक्षता घेण्यात येईल’ हे वाक्य फक्त नोंदवही न ठेवणे, सही राहणे अशा प्रक्रियेतल्या उणिवांना चालते. तिथेही आता ठेवलेल्या नोंदवहीच्या पानांच्या साक्षांकित प्रती जोडाव्यात. पैशांच्या आक्षेपाला हे वाक्य पाठवणे म्हणजे काहीच न पाठवणे.

निरीक्षण अहवाल मिळाल्यापासून चार आठवड्यांत पहिले उत्तर जायला हवे. सगळे कागद जमले नाहीत म्हणून थांबू नका. जे परिच्छेद तयार आहेत ते पाठवा, बाकीच्यांना काय चालू आहे ते लिहा. अहवालाच्या भाग दोन-अ मधले, म्हणजे गंभीर मानलेले परिच्छेद आधी घ्या. पुढे विधिमंडळात मांडल्या जाणाऱ्या अहवालात जायची शक्यता त्यांचीच जास्त.

प्रश्न : वेतननिश्चिती चुकल्याने एका लिपिकाला बारा वर्षे जादा वेतन दिले गेले. ते चार महिन्यांत निवृत्त होणार आहेत. लेखापरीक्षेने अतिप्रदान वसूल करा म्हटले आहे. कर्मचारी न्यायालयात जाईन म्हणतात. आम्ही कात्रीत सापडलो आहोत.
– कार्यालय अधीक्षक

उत्तर : लेखापरीक्षा अतिप्रदान दाखवून देते. वसुलीचा आदेश तुमच्या कार्यालयाला काढायचा असतो आणि तो कायद्यात बसला पाहिजे. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी काही स्थितींत वसुली करता येणार नाही असे ठरवले. त्यात वर्ग तीन व चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे कर्मचारी, आणि वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ चाललेले जादा प्रदान हे येते. तुमचे प्रकरण तिन्हींत बसते.

पण इथे थांबू नका. सेवापुस्तकात वचनपत्र आहे का ते बघा. सुधारित वेतनश्रेणी घेताना ‘जादा रक्कम दिली गेल्यास परत करीन’ असे लिहून दिलेले असेल तर चित्र बदलते. पंजाब व हरयाणा उच्च न्यायालय विरुद्ध जगदेव सिंग (२०१६) या निकालात वचनपत्र दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली मान्य झाली, तीही वाजवी हप्त्यांत. मात्र ते अधिकारी न्यायिक सेवेतले होते. वर्ग तीनच्या कर्मचाऱ्याला तो निकाल जसाच्या तसा लावण्याआधी विधी अधिकाऱ्याचे मत घ्यावे.

वसुली होवो न होवो, दोन कामे टळत नाहीत. वेतन पुढील काळासाठी दुरुस्त करावे लागेल, आणि निवृत्तिवेतन दुरुस्त वेतनावरच जाईल. त्याआधी कर्मचाऱ्याला नोटीस देऊन म्हणणे ऐकून घ्या. नोटिशीशिवाय काढलेला आदेश न्यायालयात टिकणे कठीण. वसुली अनुज्ञेय नसेल तर ती सोडून देण्याचा अधिकार कार्यालयाला नाही. प्रस्ताव प्रशासकीय विभागामार्फत वित्त विभागाकडे जावा लागतो. अनुपालनाला तीन कागद लावा : सुधारित वेतननिश्चितीचा आदेश, वेतन पडताळणी पथकाचा शेरा, आणि वसुली सोडून देण्याचा शासन आदेश. तो आदेश येईपर्यंत परिच्छेद प्रलंबितच राहील, त्याने दचकायचे कारण नाही. चुकीची निश्चिती कोणी केली, हा प्रश्न मात्र येणारच. त्याचे उत्तर तयार ठेवा.

प्रश्न : माझ्याआधीच्या तीन अधिकाऱ्यांच्या काळातले परिच्छेद माझ्या नावावर चालले आहेत. नस्त्याही सापडत नाहीत.
– गट-ब अधिकारी

उत्तर : उत्तर पदाने द्यायचे असते, त्यामुळे ‘माझा कार्यकाळ नव्हता’ हे अनुपालन होत नाही. आधी सगळे प्रलंबित परिच्छेद वर्षवार एका नोंदवहीत उतरवा : अहवाल क्रमांक, परिच्छेद, रक्कम, शेवटचे उत्तर, त्यावरचा महालेखापालांचा शेरा. निम्म्या वेळा त्या शेऱ्यातच नेमके काय हवे ते लिहिलेले असते आणि ते पत्र कोणी उघडून वाचलेले नसते. मूळ नस्ती नसली तर स्थळप्रत (कार्यालयात ठेवलेली प्रत), वरिष्ठ कार्यालयाची प्रत, कोषागारातील देयकाची नोंद, पुरवठादाराकडील चलन असे आधार जमवता येतात. तरीही नस्ती मिळाली नाही तर शोध घेतल्याचा अहवाल लिहा आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार पुढची कारवाई सुरू करा. जुने परिच्छेद एकेक पत्राने हलत नाहीत. वरिष्ठांमार्फत लेखापरीक्षा समितीची (विभाग आणि महालेखापाल कार्यालय जिथे एकत्र बसतात तिची) बैठक मागा आणि मूळ कागद घेऊन जा. तिथे एका दिवसात जे निकाली निघते ते पत्रव्यवहारात दोन वर्षांत निघत नाही.

प्रश्न : परिच्छेद लोकलेखा समितीपर्यंत कधी जातो?
– अनेक वाचक

उत्तर : फार थोडे जातात. निरीक्षण अहवालातील मोठे किंवा व्यापक आक्षेप आधी मसुदा परिच्छेद म्हणून थेट विभागाच्या सचिवांकडे जातात. तिथे दिलेले उत्तर नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात नमूद होते. उत्तर आलेच नाही तर तेही छापले जाते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५१ नुसार अहवाल राज्यपालांकडे व तिथून विधिमंडळात जातो. त्यानंतर विभागाला स्पष्टीकरणात्मक ज्ञापन (आक्षेपांवरचा लेखी खुलासा) द्यावे लागते आणि विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे सचिवांची साक्ष होते. त्या साक्षीची तयारी करताना विभाग तुमच्या कार्यालयाचे जुने अर्धसमास पत्रच मागवते. शासकीय कंपन्या व महामंडळांचे परिच्छेद सार्वजनिक उपक्रम समितीकडे असतात.

प्रश्न : मी सामान्य नागरिक आहे. गावाजवळच्या शासकीय कार्यालयावर कोणते आक्षेप आहेत, हे मला कळू शकते का?

उत्तर : विधिमंडळात मांडलेले अहवाल नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या संकेतस्थळावर खुले असतात. मांडण्यापूर्वी ते मिळत नाहीत. माहितीच्या अधिकारात कलम ८(१)(ग) आडवे येते. एखाद्या कार्यालयाच्या निरीक्षण अहवालासाठी त्या कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, मुदत ३० दिवस. ‘लेखापरीक्षेची सर्व माहिती द्या’ असे लिहू नका. अमुक कालावधीचा निरीक्षण अहवाल, त्यावर पाठवलेले अनुपालन आणि आजअखेर प्रलंबित परिच्छेदांची यादी, अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा. अनुपालनाची प्रत नक्की मागा, कारण कार्यालयाने आक्षेपावर खरोखर काय केले ते तिच्यातच दिसते.