फिट येत नाहीये, मग गोळी बंद करू का?

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा 19 वर्षांचा आहे. दोनदा फिट आली म्हणून लेव्हेटिरासिटाम 500 सकाळ-संध्याकाळ चालू केली, आठ महिने झाले एकदाही फिट नाही. पण चिडचिड एवढी वाढलीये की नुसतं जेवायला बोलावलं तरी दार आपटतो. तो म्हणतो मी बरा झालोय, गोळी बंद करणार. अर्धी केली तर चालेल का? आणि भाचीला फिटचीच पण वेगळी गोळी दिलीये, असं कसं?

उत्तर : ताई, ही चिडचिड गोळीमुळे असू शकते. लेव्हेटिरासिटामचा हा नेहमी दिसणारा साइड इफेक्ट आहे, त्यामुळे त्याला ओरडण्याआधी डॉक्टरांना फोन करा, आणि तो एकदम गप्प राहायला लागला किंवा जिवाचं बरं-वाईट करण्याचं काही बोलला तर त्याच दिवशी दाखवा, थांबू नका. पण गोळी अर्धी किंवा बंद स्वतःच्या मनाने अजिबात करू नका, फिट येत नाहीये ती गोळीमुळेच, आणि एकदम तोडली तर लागोपाठ न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात. औषध बदलता येतं, फक्त नवीन कमी डोसवर सुरू करून हळूहळू वाढवतात आणि मग जुनं उतरवतात. लॅमोट्रिजिन या फिटच्या दुसऱ्या गोळीला तर पूर्ण डोसवर यायला काही आठवडे लागतात, घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं.

भाचीचं म्हणाल तर औषध फिटच्या प्रकारावर आणि माणसावर ठरतं. कार्बामाझेपिन एका प्रकाराला छान लागू पडतं, दुसऱ्यात झटके वाढवतं. व्हॅल्प्रोएट चांगलं औषध आहे पण गर्भातल्या बाळाला धोका, म्हणून मुलींना शक्यतो देत नाहीत.

बंद करायचा विचार साधारण 2 वर्षं फिट न आल्यावर, तोही काही महिन्यांत हळूहळू कमी करत, आणि काही प्रकारांत गोळी वर्षानुवर्षं लागते. मधे डोस विसरला तर आठवल्यावर घ्यावा, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर राहू दे, डबल नाही घ्यायचा. रात्रीची जागरणं मात्र बंद करा, या वयात फिट परत यायचं ते मोठं कारण असतं.

आणि एक विचारून घ्या, सकाळी उठल्या उठल्या त्याच्या हाताला झटका बसून कप, ब्रश उडतो का? मुलं हे आपणहून सांगत नाहीत, आणि यावरून औषधाची निवडच बदलू शकते.