पाणी पहाटे तपासा

प्रश्न : आमचं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठी. उन्हाळ्यात बंधाऱ्याला पाणी काळं पडतं, मेलेले मासे काठाला लागतात. तक्रार केली की दुपारी कुणीतरी येतं आणि ‘पाणी तसं बरं आहे’ म्हणून जातं. आता गावच्या पोरांनी ड्रोन आणलाय. वरून चित्रण केलं तर प्रदूषण सिद्ध होईल का?

उत्तर : ड्रोन जरूर उडवा. सांडपाणी आणणाऱ्या ओढ्याचं काळं पाणी नदीत कुठे उतरतं, कुठल्या काठाने सरकतं, जलपर्णी कुठे दाटलीय, हे त्यातून छान कळतं. दुपारी पाणी चकाकतं, म्हणून ऊन कलतं असताना उडवा. नोंदणी केलेला ड्रोन हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत परवानगीशिवाय चालतो. आपली जागा त्या क्षेत्रात येते का, हे आधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात बघा. पण विरघळलेला प्राणवायू आणि जंतू कॅमेऱ्याला दिसत नाहीत. तिथे बाटलीच लागते.

माझी नोकरी पाणी तपासण्यात गेली, म्हणून आग्रहाने सांगते : नमुना पहाटे, उजाडायच्या आत घ्या. दिवसा शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो ओढून घेतं. सांडपाण्यातली घाण कुजताना तर रात्रंदिवस प्राणवायू संपवत असते. बंधाऱ्याला बरगे (अडवायच्या फळ्या) घालून तुंबलेल्या पाण्यात नवा प्राणवायू फारसा मिसळतही नाही. त्यामुळे पहाटे तो सगळ्यांत कमी असतो आणि मासे वर तोंड काढून तडफडतात. दुपारी त्याच पाण्याचा आकडा चांगला येतो आणि खरं बोलणारं गाव खोटं ठरतं, याचा मला फार राग येतो.

काचेच्या बुचाची 300 मिलीची बाटली पाण्याखाली धरून हळू भरा. आत एकही बुडबुडा नको. तिथेच काठावर मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइडचं द्रावण घाला, बूच लावून बाटली उलटसुलट करा. तपकिरी गाळ धरला तर प्राणवायू आहे. गाळ पांढराच राहिला तर प्राणवायू संपलाय. द्रावण कातडी भाजणारं असतं. हातमोजे घाला, शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना सोबत घ्या. नेमका आकडा प्रयोगशाळा काढेल. नदीचं पाणी आंघोळीला चालायचं तर त्यात लिटरला किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा, बीओडी (म्हणजे घाण कुजवताना जंतू जेवढा प्राणवायू खातात तो आकडा) 3 मिलिग्रॅमच्या वर नको. बीओडीची बाटली वेगळी भरा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

एक नमुना ओढ्याच्या वरच्या अंगाला घ्या, दुसरा खाली, पाणी पुरतं मिसळल्यावर. वरचा नसेल तर खालच्या आकड्यावरून ओढ्याला दोष देता येणार नाही.

राहिलं ‘सिद्ध’ होण्याचं. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे सोडलेल्या सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाने नोटीस देऊन, सीलबंद करून घेतलेला असेल तरच कोर्टात चालतो. तुमच्या बाटल्यांचा उपयोग तक्रार नेमकी करायला. ड्रोनचं चित्र, जागा, वेळ आणि पहाटेचा आकडा जोडा आणि अर्जात स्पष्ट लिहा : तपासणीला सूर्योदयापूर्वी, याच जागी यावे.