टू-व्हील ड्राइव्ह की फोर-व्हील ड्राइव्ह?

प्रश्न : वाळपईजवळ आमचे कुळागर आहे. नारळ, सुपारी आणि खताच्या वाहतुकीसाठी पिकअप घ्यायची आहे. रस्त्यापासून खाली जाणारी मातीची वाट पावसाळ्यात निसरडी होते. फोर-व्हील ड्राइव्हसाठी जास्त पैसे मोजावेत का? – एक बागायतदार, सत्तरी

उत्तर : आपली खरी अडचण भरलेली गाडी नसून रिकामी गाडी आहे. बहुतेक पिकअपमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते. परंतु खत उतरवल्यावर मागचा भार हलका होतो आणि ओल्या तांबड्या मातीच्या चढावर तीच चाके जागच्या जागी फिरू लागतात. अशा वेळी पुढच्या चाकांनाही ताकद मिळाली, तर गाडी सहसा वर येते. शिवाय अशा गाड्यांत बहुधा असणाऱ्या लो रेंजमुळे (वेग कमी व जोर जास्त देणाऱ्या जादा गिअरमुळे), उतारावर इंजिनाच्या जोरावरच वेग आवरता येतो, ही सोय मला फार मोलाची वाटते.

मात्र पार्ट-टाइम प्रकारची, म्हणजे गरजेपुरती चालकाने जोडायची फोर-व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरू नये, कारण वळणावर पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापावे लागत असताना ती एकमेकांशी जखडलेली राहतात आणि यंत्रणेवर ताण येतो. चोर्ला घाटात ब्रेक लावताना तिचा काही उपयोग नाही; तेथे टायरच महत्त्वाचे.

भर पावसात वाहतूक टाळता येत नसेल, तर फोर-व्हील ड्राइव्हच घ्यावी. टाळता येत असेल, तर खोल नक्षीचे टायर आणि मागच्या डिफरेन्शियलला (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेला) लॉक असलेली, म्हणजे एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ताकद देणारी टू-व्हील ड्राइव्ह पुरेशी ठरेल.