चांगल्या हेतूने सुरू झालेल्या सुधारणा पुढे का बिघडतात? सहकारी साखर कारखान्यांचंही हेच झालं का?

हो, तेच झालं. पण प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय, की "नेत्यांनी सहकार खाल्ला", ते मला अर्धवट वाटतं. खाल्ला हे खरंच. पण ताटात वाढत कोण होतं, तेही विचारा. मी उसाच्या घरातला आहे. नगर जिल्ह्यात पाटाखाली आमची जमीन, वडील सभासद, चुलते सभासद. त्यामुळे उत्तर लांबणार.

लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअर गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारखा पुण्याचा अर्थशास्त्रज्ञ पहिला अध्यक्ष झाला, मुंबई सरकारातले मंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी राहिले आणि १९५०-५१ च्या हंगामात शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना गाळपाला लागला, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्याआधीचं मात्र लोक विसरले. भंडारदऱ्याच्या पाण्यावर साखर कंपन्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या होत्या. आमची जमीन कंपनीच्या खंडातून वाचली, सावकाराच्या वहीतून वाचली नाही. आजोबा गुऱ्हाळ लावायचे, गूळ आडत्याकडे जायचा आणि उचल काही फिटायची नाही. आमच्या भागात पुढे सहकारी कारखाना निघाला तेव्हा त्यांनी दुभती म्हैस विकून शेअर घेतला. (कारखान्याचं नाव घेणार नाही, अजून माझा ऊस तिथंच जातो.)

म्हातारा आठवड्यातून एकदा तरी कारखान्यावर जायचा. काही काम नसायचं. गव्हाणीपाशी, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात तिथं, उभं राहून जो दिसेल त्याला विचारायचं, "आज किती टन? रिकव्हरी, म्हणजे उसाला साखरेचा उतारा, काय?" आणि साहेब लोक थांबून सांगायचे. आजोबांना सही करता येत नव्हती, पण मालक कसा उभा राहतो ते मी त्यांच्याकडे पाहिलंय.

अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांच्यापेक्षा शिकलेले. सातवी पास. वार्षिक सभेआधी अहवाल घरी आला की ते लाल पेन्सिल घेऊन बसायचे. १९९० च्या अहवालात त्यांना एक गोष्ट खटकली. उसाच्या बिलातून ज्या कपाती व्हायच्या, परतीच्या ठेवी, बिनपरतीच्या ठेवी, अमुक निधी, तमुक निधी, त्यात टनाला तीन रुपये शिक्षण निधी होता. त्या पैशातून कॉलेज उभं राहिलं होतं. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, त्यातलंच एक. कॉलेज चांगलंच होतं. पण ते चालवणारी संस्था वेगळी, तिचे विश्वस्त वेगळे, आणि विश्वस्तांत अध्यक्षांच्या घरचे चार आणि बाकी त्यांच्या जवळचे. सभासद म्हणून कोणीच नाही.

सप्टेंबरातली सभा. मी दहावीत होतो, अण्णांबरोबर गेलो होतो. कारखान्याच्या आवारात मांडव, पुढं संचालकांच्या गाद्या, मागं आम्ही. विषय वाचला जायचा आणि वाक्य पुरं व्हायच्या आत मागून "मंजूर, मंजूर" उठायचं. अण्णा उभे राहिले. हातात अहवाल, बोट त्या ओळीवर ठेवलेलं. म्हणाले, "पैसा सभासदाचा, तर संस्थेवर सभासद का नाही? एवढंच सांगा." दुसऱ्यांदा विचारेपर्यंत माईक पुढं गेला होता. मग कोणीतरी मागून त्यांचा सदरा ओढला. "बस खाली. आपला ऊस उभा आहे रानात."

सदरा ओढणारा माणूस आमच्याच घरातला होता. माझे चुलते, नाना.

त्या वर्षी आमचा तीन एकर आडसाली, म्हणजे दीडेक वर्षानं तुटणारा, ऊस होता. बांधाला बांध लागून नानांचा तीन एकर, एकाच आठवड्यातली लागण, एकाच दिवशीची नोंद. नानांची तोड, म्हणजे ऊस कापायची पाळी, डिसेंबरात आली, टोळी आठ दिवसांत फड उरकून गेली. आमची आली नाही. तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा चिटबॉय नजर चुकवायचा, म्हणायचा, "शेतकी ऑफिसात विचारा." कारखान्याचं शेतकी ऑफिस म्हणायचं, "तोडीच्या प्रोग्रॅमात नाव नाही." तेव्हा झोनबंदी होती, दुसऱ्या कारखान्याला ऊस घालायची सोय नाही. उसाला तुरे आले. मार्चात कांडी पोकळ पडायला लागली, उंदीर लागले. नाना म्हणाले पेटवून दे, जळीत ऊस लवकर नेतात, कपात लागेल पण निघून तरी जाईल. अण्णांनी काडी लावली नाही. तोड आली मे महिन्यात. एकरी साठ टनांचा अंदाज होता, काट्यावर अडतीस भरला. पुढं पंधरा वर्षं आमच्या घरात कसलंही भांडण निघालं की नाना तेच काढायचे: "तुझ्या बापाच्या एका प्रश्नानं हातचं पीक घालवलं."

१९९३ ला मला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला, पेमेंट सीटवर, म्हणजे जादा फीच्या जागेवर. अण्णा फी भरायला आले ते कापडी पिशवीत आठ वर्षांची ऊसबिलं घेऊन. खिडकीपाशी एकेक बिल काढून शिक्षण निधीच्या रकान्यावर बोट ठेवलं. बेरीज आधीच करून आणली होती, साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणाले, "एवढे तरी फीमधून वळते करा." क्लार्क तरुण होता, उर्मट नव्हता. त्यानं बिलं नीट एकावर एक लावून परत दिली आणि म्हणाला, "काका, हे इथं चालत नाही." सभेत जे उत्तर मिळालं नाही ते तिथं मिळालं. मी बाजूला उभा होतो आणि मला अण्णांची लाज वाटत होती. ती लाज मला आजही डाचते.

आता तुमचा प्रश्न. सुधारणा का बिघडते? माझं मत सांगतो. सुधारणा एका दाराची किल्ली एकाकडून काढते आणि दुसऱ्याच्या हातात देते. सावकाराकडे उचलीची किल्ली होती, कारखान्याकडे तोडीची आली. ज्याला तोड देता येते त्याला ती अडवताही येते. पहिल्या पिढीनं सावकाराचा उंबरा झिजवलेला होता, म्हणून ती कारखान्याला विचारायला घाबरत नव्हती. दुसऱ्या पिढीनं जन्मल्यापासून कारखानाच पाहिला. तिला सभासदांना सवलतीत मिळणारी दिवाळीची साखर म्हणजे साहेबांची कृपा वाटायला लागली. स्वतःच्याच उसाची साखर! मालक होता तो लाभार्थी झाला, आणि हे कोणी जबरदस्तीनं केलं नाही. नानांसारख्या हजारो शहाण्या माणसांनी एकमेकांचे सदरे ओढून केलं. गावातलं सरपंचपतीचं प्रकरण घ्या. बायकांना आरक्षण मिळालं, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा, आणि कित्येक गावांत शिक्का नवऱ्याच्या खिशात. तो शिक्का त्याच्या खिशात राहू देणारं अख्खं गाव असतं.

बिघडलेलं दुरुस्त करायला म्हणून केलेली सुधारणाही तशीच वाकवता येते. २०१३ ला सहकार कायद्यात दुरुस्ती होऊन क्रियाशील आणि अक्रियाशील सभासद असा भेद आला. नुसते नावाला असलेले, संस्थेशी व्यवहार न ठेवणारे सभासद मतदानातून बाजूला व्हावेत, असा हेतू. ऐकायला रास्त. आमच्याकडे काय झालं? ज्याचा ऊस नेला नाही तो ऊस घालत नाही, म्हणून अक्रियाशील ठरला. मग त्याला मत राहिलं नाही.

नाना म्हणतात, खासगी कारखाने बरे, काटा चोख, पैसे वेळेवर. काही बाबतींत ते खरंही आहे. कित्येक सहकारी कारखाने कर्जात बुडाले, बँकांनी २००२ च्या सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली विकायला काढले आणि खासगी मालकांकडे गेले. कर्ज देणाऱ्या राज्य सहकारी बँकेचंच संचालक मंडळ २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून बरखास्त झालं. तेव्हा सहकाराचं काय उरलंय, हा नानांचा प्रश्न. माझं म्हणणं एवढंच, की खासगी कारखान्यात उठून विचारायला शेतकऱ्याची सभाच नाही. तिथं अण्णांना सदरा ओढून खाली बसवायचीही गरज पडली नसती.

आणि एक सांगायला हवं. कारखाना आला नसता तर मी हे लिहीत बसलो नसतो. वाडीवरचा रस्ता, दवाखाना, मुलींची शाळा, सगळं त्याच कपातीतून झालं. माझ्या दोन्ही बहिणी त्या शाळेत शिकल्या. सगळे कारखाने आमच्यासारखे वागले असंही नाही. वेळेवर तोड आणि चोख हिशेब देणारे सहकारी कारखाने आजही आहेत.

उपाय विचारलात म्हणून: वडील गेल्यावर शेअरची वारसनोंद लगेच करा. माझी व्हायला चार वर्षं लागली, दर वेळी एक कागद कमी निघायचा. प्रश्न सभेआधी लेखी द्या आणि पोच घ्या. सहकार कायद्याच्या ३२ व्या कलमानं सभासदाला संस्थेचे ठरावीक कागद पाहता येतात, तसा अर्ज करा. एकटे उभे राहू नका, दहा जण ठरवून उठा. एकट्याचा ऊस रानात ठेवता येतो, दहा जणांचा ठेवला तर शेतकी ऑफिसला जाब द्यावा लागतो.

गेल्या सप्टेंबरात मी सभेत अण्णांचाच प्रश्न विचारला, त्यांच्याच शब्दांत. आम्ही सात जण उभे होतो. अध्यक्षांनी सांगितलं, "लेखी कळवू." अजून कळवलेलं नाही. पोच माझ्याकडे आहे, पुढच्या सभेत तीच घेऊन उठणार आहे.

नानांना हे उत्तर त्यांचा नातू वाचून दाखवील. नाना, त्या साली पीक अण्णांच्या प्रश्नानं गेलं नाही. तुमचा ऊस डिसेंबरात गेला आणि आमचा मे महिन्यात, ते तोडीच्या यादीनं ठरवलं. यादी कोणी केली ते तुम्हाला तेव्हाही माहीत होतं.